दशमीचा पूर्ण चंद्र

श्रीधन्वंतरीच्या हातातील अमृतकलशाला आणि आमच्या देव्हाऱ्यातील लक्ष्मीनारायणाच्या चरणांना वंदन करून हे लिहावयास बसलो आहे. आज धनत्रयोदशी. धने-गुळाचा नैवेद्य दाखवून झाला, सायंकाळच्या यमदीपासाठी कणीक भिजत ठेवली आहे, आणि मधल्या मोकळ्या वेळात माझ्या सहधर्मचारिणीने आज्ञा केली आहे, "माझ्या डोक्याची गोष्ट लिहून टाका एकदा. तोंडानं सांगता सांगता तुमी तिच्यात दरवेळी थोडी भर घालून राह्यले." आज्ञा शिरोधार्य आहे. भर घालणार नाही असे वचन मी दिले आहे, आणि लिहून झाल्यावर ती चष्मा लावून तपासणार आहे.

आमचे घर जैनथच्या अलीकडे एका लहान गावात आहे. पूर्वज पैनगंगा ओलांडून इकडे केव्हा आले, हे माझ्या आजोबांनाही सांगता येत नसे. मी पाठशाळेत संस्कृत शिकलो आणि आदिलाबादला ते शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. निवृत्त झाल्यापासून सकाळची पूजा घाई न करता करता येते, हे मी माझे मोठे भाग्य समजतो.

पूजेच्या आरंभी संकल्प म्हणतात. त्यात मनुष्य देवाला आपला ठावठिकाणा सांगतो: कोणत्या भूमीवर, कोणत्या संवत्सरात, कोणत्या मासी, कोणत्या पक्षी, कोणत्या तिथीस आपण बसलो आहोत. गोदावरीच्या उत्तर तीरापर्यंत मी कोठेही न अडखळता येतो. संवत्सर, अयन, ऋतू, मास हेही ओळीने येतात. 'पक्षे' म्हटले की मात्र थांबतो. तळहातावर पाणी असते, पाण्यात अक्षता असतात, आणि तिथी काही केल्या आठवत नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज येतो, "सप्तमी!" मी 'सप्तम्यां तिथौ' म्हणतो आणि पाणी ताम्हनात सोडतो.

लग्न झाल्यापासून हे असेच चालत आले आहे. संस्कृत माझे आणि तिथी तिची, अशी आमची वाटणी. ती पंचांग पाहत नाही. तिच्या तिथ्या उपासांना, सासरमाहेरच्या श्राद्धांना आणि दारी येणाऱ्या सणांना बांधलेल्या असतात. त्या चुकल्याचे मी कधी ऐकले नव्हते. मला स्वतःला एकादशी ताटात साबुदाणा दिसल्यावर कळते. पाहुण्यांसमोर ती म्हणते, "एवढे शिकले, पण देवापुढं बसून यांना आजचा दिवस माहीत नसतो. देवही हसत असंल, हे पोस्टाचं पाकीट पत्त्याविना कोण पाठवून राह्यलं म्हणून."

हिला कित्येक वर्षांचा आमवात आहे. बोटांचे सांधे सुजतात, सकाळी मूठ वळत नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी सूज आटोक्यात असते, आणि त्या गोळ्यांच्या बळावरच ती अजून पोळ्या लाटते. त्या गोळ्या शरीराची प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात, असे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितले होते. आम्ही ते भक्तिभावाने ऐकले आणि घरी येताना बसमध्येच विसरलो.

गेल्या उन्हाळ्यात अधिक ज्येष्ठ आला. अधिकात सण नसतात, त्यामुळे दिवसांना खुणेचा खुंटा नसतो. जावयाचा मान तेवढा असतो. मोठे जावई मंचेरियलला खाणीच्या कचेरीत आहेत, त्यांना धोंड्याच्या जेवणाचे निमंत्रण गेले होते. आमच्या भागातले ते ऊन! दुपारी अंगणातल्या बादलीतले पाणी हात भाजते. अशा दिवसांत हिचे डोके दुखू लागले, तेव्हा ऊन लागले यावाचून दुसरे कारण कोणालाही सुचले नाही. कांदा फोडून झाला, कैरीचे पन्हे झाले, तळपायाला काशाची वाटी घासून झाली. शेजारणीने चष्म्याचा नंबर बदलला असेल असे सुचवले, तोही बदलून आणला. डोके दुखतच राहिले. ताप म्हणाल तर नाही; मी रोज तापमापी लावत होतो आणि पारा इतका सभ्य होता की मला त्याचे कौतुकच वाटे.

याच सुमारास तिथ्या रेंगाळू लागल्या.

एके सकाळी 'पक्षे' म्हणून थांबलो, आतून "षष्ठी" आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा षष्ठीच आली. कोणी साधा मनुष्य असता तर म्हणाला असता, अहो, ही कालची. परंतु मी शास्त्र जाणणारा. कधी कधी एकच तिथी दोन सूर्योदय पाहते, तिला वृद्धी म्हणतात, हे मला ठाऊक होते. 'तिथिवृद्धी दिसते' असे मनाशी म्हणून मी समाधानाने पाणी सोडले. पुढे अष्टमीनेही तसेच केले. एका पक्षात दोन वृद्धी म्हणजे जरा विशेषच. पण अधिक महिना आहे, त्यात सारेच अधिक, असे मानून माझ्या विद्वत्तेने तीही पचवली. नवमी किती दिवस मुक्कामाला होती ते मला नीट सांगता येणार नाही. कपाटातले पंचांग उघडून पाहावे, एवढे मात्र मला सुचले नाही. घरात तिथी सांगणारे माणूस असताना पंचांग पाहणे म्हणजे पत्नीवर अविश्वास दाखवणे, आणि ते धैर्य मी कधीच केलेले नाही.

शनिवारी जावई आले. पानात धोंडे वाढले गेले. जावयांनी पहिला घास घेतला, थोडा वेळ चावला आणि पाणी प्यायले. धोंड्यात पुरण नव्हते. नुसती कणीक उकडून वाढली होती. जावई आदराने ती संपवू लागले, तेव्हा मीच म्हटले, "अगं, पुरण?"

ती क्षणभर ताटाकडे पाहत राहिली आणि मग हसली. "यंदा महागाई आहे, जावईबुवा. पुरण दिवाळीला."

सगळे हसले. ती अशी बोलते, म्हणून तिच्या डोक्याची शंका कोणाला येत नाही. रविवारी सकाळी मात्र तिला उलट्या झाल्या आणि न्हाणीघरातून येताना तिचा तोल गेला. जावयांनी गाडी काढली. पूजा अर्धी उरकून निघालो. संकल्पात त्या दिवशी दशमी होती.

आदिलाबादच्या मोठ्या रुग्णालयात त्या दिवशी एक तरुण डॉक्टरीण होती. घरची भाषा तेलुगू, पण आमच्या भागात वाढल्याने मराठी चांगली बोलत होती. तिने आधी सगळ्या गोळ्यांची पाकिटे मागितली. आमवाताच्या गोळ्यांचे पाकीट हातात घेतले आणि खुर्ची ओढून हिच्या अगदी जवळ बसली.

"अम्मा, काही प्रश्न विचारते. रागवायचं नाही. तुमचं गाव?"

हिने गाव सांगितले, वर मंडल, म्हणजे तालुका, सांगितला, आणि गावाला बस किती वाजता जाते तेही सांगितले.

"यजमानांचं नाव?"

"आमी नाव घेत नाही."

डॉक्टरीण माझ्याकडे पाहू लागली. ही नाव विसरली की काय, असा डॉक्टरिणीचा चेहरा झाला. मी काही बोलण्याआधी हीच म्हणाली, "विसरली नाही पोरी. विसरता येईल असा माणूसच नाही तो. उखाण्यात घेऊ का?" आणि डोके दोन्ही हातांनी धरून तिने उखाणा घेतला. नर्सबाई ऐकायला थांबल्या. यमक जुळले, आणि माझे नाव जिथे यायचे तिथे आले.

"आज वार कोणता?"

हिने जावयांकडे एक दृष्टी टाकली. "रविवार. जावईबुवांना सुट्टी आहे."

"आणि तारीख?"

"तारीख सरकारची. आमची आज दशमी. उद्या अधिकातली एकादशी, तीन वर्षांनी येते. उपास घरी करायचा आहे, तेव्हा गोळी दे आणि जाऊ दे."

मी अभिमानाने मान हलवली. डॉक्टरिणीने तारीख विचारली आणि हिने तिथी दिली, म्हणजे मागितल्यापेक्षा अधिकच दिले, असे मला वाटले.

डोक्याचे यंत्रातून चित्र काढले. ते चांगले आले. जावई म्हणाले, "मामाजी, चित्र साफ आहे, मामी नीट बोलून राह्यल्या. उन्हाचंच असंल." डॉक्टरीण त्यांना बाजूला न घेता आमच्या समोरच बोलली, हे मला आवडले.

"चित्र साफ असलं तरी माझं समाधान नाही. या गोळ्या सांध्यांची सूज कमी करतात, कारण त्या शरीराच्या पहारेकऱ्यांना झोपवतात. मग आत कोणी शिरलं तरी आरडाओरडा होत नाही. ताप येत नाही, मान आखडत नाही. फक्त डोकं दुखतं. मला मेंदूच्या आवरणाला जंतू किंवा बुरशी लागल्याची भीती वाटते. पाठीच्या कण्यातून थोडं पाणी काढून तपासलं तर कळेल. आजच."

"डोकं दुखते तं पाठीला सुई काऊन?" हिने विचारले.

"मेंदूभोवतीचं पाणीच खाली कण्यात उतरतं, अम्मा."

"आमच्या माहेरी वांकिडीकडं एकीच्या पाठीतून पाणी काढलं होतं. ती उठलीच नाही."

"सुईमुळे नाही उठली, की आजारामुळे?"

"ते तिला विचारायला गेली नाही मी."

डॉक्टरीण हसली, पण पाकीट तिने हातातून खाली ठेवले नव्हते. बुरशी असेल तर डोक्यातला दाब वाढत जातो, आधी नजर जाते आणि मग शुद्ध, असे तिने सांगितले. "अम्मा भ्रमात असत्या तर मी तुमच्या सहीवर सुई टोचली असती. पण त्या माझ्यापेक्षा चांगलं बोलतात. त्यांचा नकार मला मानावा लागेल. फक्त दोन दिवस थांबू नका."

हिचा निर्णय झालेला होता. उद्या एकादशी घरी, परवा द्वादशीला पारणे फेडून मग सुई. जावई गाडी आणण्याच्या विचारात होते. मला कोणी बाजू घ्यायला सांगितली असती तर मी तिची घेतली असती, कारण आयुष्यभर तेच करत आलो आहे. सूर्य कलला होता, म्हणून सायंसंध्येपुरती परवानगी घेऊन मी तांब्या घेतला आणि वरच्या गच्चीवर गेलो.

पश्चिमेकडे तोंड करून बसलो. आचमन केले, पाणी हातावर घेतले आणि त्या दिवशी कोणाला न विचारता, मोठ्या आत्मविश्वासाने 'दशम्यां तिथौ' म्हटले. सूर्य बुडत होता. अर्घ्य देऊन उठलो, तांब्या उचलायला मागे वळलो, आणि पूर्वेला कापसाच्या गिरणीच्या छपरामागून चंद्र वर येताना दिसला.

तो पूर्ण होता. सूर्य मावळतो आणि समोरून पूर्ण चंद्र उगवतो, हे पौर्णिमेलाच घडते. त्यासाठी पाठशाळेत जावे लागत नाही. दशमीचा चंद्र या वेळी बराच वर चढलेला असतो आणि एका बाजूला घासलेला असतो. मी देवाला नुकतीच जी तिथी कळवली होती, ती त्याने चंद्र वर करून साभार परत पाठवली होती. तेव्हा रेंगाळलेली षष्ठी आठवली, अष्टमी आठवली, मुक्कामाला राहिलेली नवमी आठवली, आणि पुरणाविना धोंडे आठवले. संध्या तशीच सोडून खाली आलो. तांब्या गच्चीवरच राहिला.

ती चादर ओढून, दिव्याकडे पाठ करून पडली होती.

"आज तिथी कोणती गं?"

"दशमी. किती खेपा विचारून राह्यले? त्या पोरीकडून तुमच्यासाठी पण एक गोळी मागून घ्या."

"जरा खिडकीशी येतेस?"

मी एका बाजूने धरले, जावयांनी दुसऱ्या बाजूने. तिने डोळे बारीक करून बाहेर पाहिले.

"हा कुठला चंद्र?"

"पुनवेचा."

"आज तं दशमी आहे न."

"चंद्राला कोणी तसं कळवलेलं दिसत नाही," मी म्हणालो. एरवी अशा वाक्याला तिच्याकडून तत्काळ उत्तर येते. मी त्या उत्तराची वाट पाहत राहिलो. ती चंद्राकडे पाहत होती, ओठ हलत होते. एक एक दिवस मागे जाऊन ती काहीतरी शोधत होती, आणि ते तिला सापडत नव्हते.

मग अगदी लहान आवाजात म्हणाली, "मंग माझी एकादशी कुठं गेली?"

जावयांनी मान दुसरीकडे वळवली.

"त्या दिवशी मी काय रांधलं होतं हो?"

आठवडाभरातली पाने मी एकेक करून आठवली. साबुदाणा एकाही पानात नव्हता. बुधवारी, गुरुवारी... "वांग्याचं भरीत," मी म्हणालो. "आणि भाकरी."

"अन् तुमी जेवले?"

"जेवलो."

"भरीत दोनदा वाढून घेतलं असंल."

"घेतलं."

ती माझ्या हातावर भार टाकून वळली. "बोलवा त्या पोरीला. ज्या डोक्यातून एकादशी निसटून जाते, ते डोकं माझं नाही. त्याचं काही ऐकू नका. टोचू द्या."

डॉक्टरिणीला मी सारे सांगितले, वृद्धीच्या सिद्धांतासकट. ती शेवटपर्यंत हसली नाही. "तातगारू, हे तुम्ही दुपारी सांगायला हवं होतं," मला तेलुगूत आजोबा म्हणत ती म्हणाली. "दुपारी माझीही दशमीच होती," मी म्हणालो. तेव्हा मात्र ती हसली, आणि लगेच हातमोजे मागवले.

पाठीतले पाणी दाबाने आले. दिसायला स्वच्छ, विहिरीच्या पाण्यासारखे. थोडे काढून होताच हिचे डोके बरेच हलके झाले, आणि कुशीवर पडल्या पडल्या ती पुटपुटली, "तुंबलं वरी असलं तरी मोरी खालीच असते." तपासणीचा निकाल आला तेव्हा डॉक्टरिणीने मला फोनवर एक चित्र दाखवले. त्या पाण्याच्या थेंबात काळी शाई मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. सगळीकडे काळोख, आणि त्यात गोल गोल ठिपके. प्रत्येक ठिपक्याभोवती उजळ कडे, चंद्राला खळे पडते तसे. ती बुरशी होती. एवढे सुंदर दिसणारे काही माझ्या घरातल्या माणसाच्या मेंदूभोवती राहत होते, हे मला पटायला वेळ लागला.

"अम्मा पारव्यांच्या सहवासात असतात का?" डॉक्टरिणीने विचारले.

असतात तर! देवळाच्या ओवरीत ती रोज पारव्यांना ज्वारी घालते आणि ओवरी झाडते. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेत ही बुरशी असू शकते, झाडताना धूळ श्वासात जाते; पण तिथूनच आली असे खात्रीने सांगता येत नाही, असे ती म्हणाली. बाकीच्यांना काही होत नाही, कारण त्यांचे पहारेकरी जागे असतात. हिने ते ऐकून एवढेच म्हटले, "ज्वारी मी घालत होती आणि पुण्य हे संकल्पात दोघांच्या नावानं घेत होते. आता सुई तेवढी माझ्या एकटीच्या वाट्याला."

पुढचे आठवडे सलाईनचे होते. औषध कडक, ते सुरू झाले की तिला हुडहुडी भरे. पाठीतले पाणी पुन्हा काढावे लागले. काही दिवस ती नीट बोलत नव्हती, आणि जे बोले त्यात विनोद नव्हता. त्या दिवसांची भीती मी येथे वाढवून सांगत नाही. सकाळी तिच्या खाटेशी बसून मी मनातल्या मनात पूजा करत असे. पंचांग आता पिशवीतच होते, तिथी मला पाठ होती. तरी संकल्प मी हातावर पाणी घेऊन थोडा मोठ्याने म्हणे आणि 'पक्षे' म्हणून थांबे. खाटेवरून काही येत नसे. मग मीच तिथी म्हणून पाणी सोडत असे. आपल्याच तोंडून आलेली तिथी इतकी परकी वाटते, हे मला ठाऊक नव्हते.

वद्य पक्षातल्या एका सकाळी मी असाच थांबलो होतो.

"दशमी," खाटेवरून आवाज आला. "खरोखरची. पहाटे खिडकीतून चंद्र पाहून घेतला मी. डोक्यावर आता भरोसा नाही."

माझ्या हातावरचे पाणी केव्हाच सांडले होते. "उद्या एकादशी," ती पुढे म्हणाली, "आणि नसेतून जाते ते उपासाला चालते का, तेवढं शास्त्रात पाहून सांगा." मी तेथल्या तेथे निर्णय दिला की चालते. आधार कोणता म्हणून तिने विचारले नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

अजून तिच्या गोळ्या चालू आहेत. आमवाताच्या गोळ्या डॉक्टरांनी बदलल्या आहेत आणि बोटे पुन्हा थोडी दुखतात. पारव्यांना ज्वारी आता मी घालतो, तोंडाला पंचा बांधून. ती लांबून हात कसा फिरवावा ते सांगते. पूजेला बसण्यापूर्वी मी पंचांग उघडून तिथी पाहून ठेवतो. हे तिला ठाऊक आहे, आणि तिला ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे. तरीही 'पक्षे' म्हणून मी थांबतोच.

आज सकाळीही थांबलो. आतून आवाज यायला जरा उशीर झाला. तळहातावरचे पाणी बोटांतून गळू लागले, मागे वळून पाहावे असे वाटले, आणि तेवढ्यात फोडणी चुरचुरली.

"त्रयोदशी! जरा धीर धरा न. मोहरी टाकून राह्यली होती."

ज्याने समुद्रातून अमृत वर आणले तो भगवान धन्वंतरी, वाचकहो, तुमचे आणि तुमच्या घरच्या सर्वांचे रक्षण करो. पहारेकऱ्यांना झोपवणारे औषध ज्या घरात चालू असेल, त्या घरी साध्या डोकेदुखीलाही कोणी हसण्यावारी न नेण्याची बुद्धी तो देवो. तुमच्या देव्हाऱ्यातला दिवा तेवत राहो, तुमच्या स्वयंपाकघरातून हाकेला उत्तर येत राहो, आणि तुमची एकही एकादशी हरवू नये. शुभं भवतु.